विद्यापीठ प्रकाशनांची नवी पुस्तके: वाल्मीकि रामायणाचा एकखंडी अनुवाद घ्यावा की बडोद्याची मूळ आवृत्ती?

प्रश्न : ग्रंथपाल, दांडिया बाजार

सर्वांना नमस्कार. बडोद्याच्या दांडिया बाजार भागातील आमच्या छोट्या मराठी वाचक मंडळाचा ग्रंथसंग्रह मी गेली अकरा वर्षे सांभाळते आहे. कथा-कादंबऱ्यांची खरेदी सभासदांच्या मागणीप्रमाणे वर्षभर होत असते, परंतु संदर्भग्रंथांसाठी वेगळी काढलेली रक्कम वर्षातून एकदाच खर्च करता येते आणि ती चार-पाच ग्रंथांच्या पलीकडे जात नाही. म्हणून त्या खरेदीआधी निरनिराळ्या विद्यापीठांच्या प्रकाशन विभागांनी जाहीर केलेल्या नव्या पुस्तकांच्या याद्या मी बारकाईने वाचते. यंदा त्या वाचताना माझा गोंधळ झाला आहे आणि खरेदी समितीची बैठक तोंडावर आली आहे.

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने वाल्मीकि रामायणाचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद अलीकडे एका खंडात आणला आहे. रॉबर्ट गोल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हाच अनुवाद त्याआधी सात स्वतंत्र खंडांत निघाला होता. त्यातील बालकांड १९८४ साली आले आणि उत्तरकांडापर्यंत पोचायला तीन दशकांहून अधिक काळ लागला. एकखंडी पुस्तक आमच्या आवाक्यातले आहे, सात खंडांचा संच नाही. समितीतील बहुतेकांचा कल एका खंडाकडेच होता, पण मध्येच एक अडचण उभी राहिली.

आमचे एक ज्येष्ठ सभासद दर रविवारी सकाळी आदित्यहृदय म्हणतात. वडिलांकडून मुखोद्गत केलेला त्यांचा तो पाठ साठ वर्षांत चुकलेला नाही. एका परिचितांकडून हा एकखंडी ग्रंथ चार दिवसांसाठी मागून आणला, तेव्हा त्यांनी सर्वांत आधी युद्धकांड उघडले आणि अगस्त्य ऋषी रणांगणावर येऊन थकलेल्या रामाला सूर्याचे स्तोत्र सांगतात तो सर्ग शोधू लागले. तो त्यांना सापडला नाही. घरच्या गीता प्रेसच्या प्रतीत तो युद्धकांडाचा १०५वा सर्ग आहे, येथे मात्र त्या जागी दुसराच मजकूर आहे. पुस्तकाला कुठे पाने कमी आहेत का, म्हणून आम्ही पृष्ठांक तपासले, तर ते सलग होते. 'ज्या रामायणात आदित्यहृदय नाही ते आपण विकत घ्यायचे का?' असे त्यांनी समितीपुढे विचारले आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते.

दुसरी अडचण आमच्याच जुन्या चुकीची आहे. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने सांगितले म्हणून आम्ही सुंदरकांडाचे 'दोन वेगवेगळे' इंग्रजी अनुवाद घेतले. एक प्रिन्स्टनचा जाडजूड खंड होता आणि दुसरे न्यूयॉर्क विद्यापीठाच्या प्रकाशनाचे क्ले संस्कृत ग्रंथमालेतील लहानसे, हिरवट निळ्या वेष्टनाचे पुस्तक. घरी आणून दोन्ही शेजारी ठेवल्यावर लक्षात आले की अनुवादक तेच आहेत आणि अनुवादही मुळात तोच आहे. सभासदांच्या वर्गणीतून झालेला तो खर्च मला अजून सलतो.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. आदित्यहृदय या अनुवादात का नाही? या अनुवादाचा आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाशी संबंध आहे असे ऐकते, तो नेमका काय आहे? आणि जाहिरातीत 'नवे' म्हटलेल्या पुस्तकात खरोखर नवे काय आहे, हे मागणी नोंदवण्यापूर्वी कसे ओळखावे?

उत्तर १ : निवृत्त संस्कृत शिक्षिका

ग्रंथपाल ताई, आपल्या पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे आणि ते आपल्या गावातच आहे. प्रिन्स्टनचा अनुवाद ज्या संस्कृत पाठावर उभा आहे तो पाठ आपल्या प्राच्यविद्या मंदिरात, म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संशोधन संस्थेत, सिद्ध झाला. वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाने सात खंडांत प्रसिद्ध केली. गो. ह. भट्ट यांनी संपादित केलेले बालकांड १९६० साली आणि उमाकांत प्रे. शाह यांनी संपादित केलेले उत्तरकांड १९७५ साली निघाले. आपण ज्या युद्धकांडात आदित्यहृदय शोधत होता, त्याचे संपादक परशुराम लक्ष्मण वैद्य हे होते. अयोध्याकांडही त्यांनीच संपादित केले आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताचे प्रमुख संपादकपदही त्यांनी सांभाळले. दोन्ही महाकाव्यांच्या चिकित्सक आवृत्त्यांवर ज्याच्या हाताचा ठसा आहे असा हा मराठी माणूस आहे आणि आपल्या वाचक मंडळांत त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

आता चिकित्सक आवृत्ती म्हणजे काय ते सांगते. रामायणाच्या पोथ्या देशभर निरनिराळ्या लिप्यांत लिहिल्या गेल्या. नेवारी, मैथिली, बंगाली, शारदा, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा अनेक लिप्यांतील पोथ्या बडोद्याच्या संपादकांनी निवडून घेतल्या आणि एकेका श्लोकासाठी त्या साऱ्या पोथ्यांतील पाठ अक्षरशः एकाखाली एक मांडले. या पोथ्यांचे ढोबळमानाने उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील असे दोन कुलसमूह पडतात. जो श्लोक दोन्हीकडे सापडतो तो जुना असण्याचा संभव अधिक असतो, कारण एकमेकांशी संबंध न उरलेल्या दोन परंपरांनी तो स्वतंत्रपणे जपलेला असतो. जो श्लोक एकाच बाजूला किंवा थोड्याच पोथ्यांत सापडतो, तो मागाहून शिरला असण्याची शक्यता असते. असा मजकूर संपादक मूळ संहितेतून काढून तळटीपेत घेतात आणि तो फार लांब असेल तर खंडाच्या अखेरीस परिशिष्टात छापतात.

आदित्यहृदयाचे नेमके हेच झाले आहे. हे स्तोत्र सर्व शाखांच्या पोथ्यांत आढळत नाही, म्हणून ते मुख्य संहितेत न ठेवता परिशिष्टात घेतले आहे. अनुवादकांनी मुख्य संहितेचा अनुवाद केला, त्यामुळे ते तिथे नाही. ही गाळगूळ नाही की अनादरही नाही. आपल्या ज्येष्ठ सभासदांना माझा नमस्कार सांगून हे आवर्जून कळवा की संपादकांनी स्तोत्र टाकून दिलेले नाही, उलट कोणत्या पोथीत त्याचा कोणता शब्द कसा आहे याची नोंद करून ते जपून ठेवले आहे. साठ वर्षे ज्यांनी ते म्हटले आहे त्यांच्यासाठी ती नोंद वाचण्यासारखी आहे.

सर्गांची संख्या पाहिली तरी फरक कळतो. गीता प्रेसच्या प्रतीत सात कांडांचे मिळून ६४५ सर्ग आहेत, तर बडोद्याच्या आवृत्तीत ६०६. त्यातही युद्धकांड १२८ सर्गांवरून ११६ वर आले आहे. म्हणूनच सर्गाचा क्रमांक धरून शोधले तर माणूस चुकतो. प्रसंग धरून शोधावे. इंद्राचा सारथी मातली रामाला ब्रह्मास्त्राची आठवण करून देतो आणि रावणाचा वध होतो, तो भाग बडोद्याच्या पाठात ९७व्या सर्गात आहे आणि गीता प्रेसमध्ये १०८व्या. मी वर्गात शिकवताना दोन्ही क्रमांक फळ्यावर शेजारी शेजारी लिहीत असे, नाहीतर विद्यार्थी दोन पुस्तके घेऊन भांडत बसत.

खरेदीविषयी माझे मत विचाराल तर एकखंडी पुस्तक सलग वाचनासाठी उत्तम आहे, परंतु प्रिन्स्टनच्या सात खंडांचे खरे मोल त्यांच्या टीपांत आहे आणि त्या विस्तृत टीपा एका खंडात येऊ शकत नाहीत. आपल्या सभासदांना शंका विचारण्याची सवय आहे, असे आपल्या पत्रावरूनच दिसते. म्हणून सातही खंड शक्य नसतील तर निदान युद्धकांडाचा स्वतंत्र खंड घ्यावा. आणि बडोद्यात राहून बडोद्याच्या आवृत्तीचा एकही खंड संग्रहात नसणे बरे नव्हे.

उत्तर २ : जुना जुळारी, रावपुरा

बाईंनी सांगितले त्यात छापखान्याच्या बाजूने थोडी भर घालतो. मी या शहरातील एका छापखान्यात बावीस वर्षे अक्षरांचे खिळे जुळवले. प्राच्यविद्या मंदिराच्या जुन्या खंडांची पाने पाहिली की आजही माझा हात थबकतो. पानाच्या वरच्या भागात मोठ्या टायपात श्लोक, खाली बारीक टायपात पाठभेद, म्हणजे निरनिराळ्या पोथ्यांतील शब्दांचे फरक, आणि प्रत्येक पाठभेदापुढे पोथ्यांची संक्षिप्त चिन्हे. वरचा श्लोक ज्या पानावर, त्याचे पाठभेद त्याच पानावर बसले पाहिजेत. एका प्रुफात संपादकांनी तळाला दोन ओळी वाढवल्या की वरचा श्लोक पुढच्या पानावर ढकलावा लागतो, त्याच्याबरोबर त्याचे पाठभेद जातात आणि पुढची आठ-दहा पाने पुन्हा बांधावी लागतात. जोडाक्षरांच्या खिळ्यांचे खण वेगळे असत. संस्कृत मजकुराला जितकी जोडाक्षरे लागतात तितकी मराठी वर्तमानपत्राला महिन्यात लागत नाहीत. असे सात खंड पंधरा वर्षांत निघाले याला मी उशीर म्हणणार नाही.

ताई, आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकाच्या आतल्या शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला असते. त्या जुन्या ग्रंथांवर मुद्रणस्थळ म्हणून 'बडोदा विद्यापीठ छापखाना, साधना प्रेस, राजवाड्याच्या दरवाज्याजवळ' असा इंग्रजी मजकूर सापडेल आणि त्याच पानावर आवृत्ती कितवी, वर्ष कोणते, प्रती किती, हेही दिलेले असते. प्राच्यविद्या मंदिराच्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतील भरताच्या नाट्यशास्त्राचे उदाहरण घ्या. अभिनवगुप्ताच्या संस्कृत भाष्यासह पहिला खंड १९२६ साली आला, दुसरा १९३४, तिसरा १९५४ आणि चौथा १९६४. पण पहिल्या खंडाची सुधारलेली दुसरी आवृत्ती १९५६ साली निघाली, म्हणजे चौथा खंड यायच्याही आधी. आता कोणी 'नाट्यशास्त्र, खंड पहिला' एवढेच लिहून मागणी नोंदवली तर कोणती आवृत्ती हाती पडेल याचा भरवसा नाही. 'सुधारित आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' हे दोन शब्द वेगळे आहेत. पुनर्मुद्रणात जुन्या चुका तशाच राहतात.

उत्तर ३ : मराठीची संशोधक विद्यार्थिनी, सयाजीगंज

ताई, बाई आणि काका, तिघांचेही लिहिणे मी दोनदा वाचले. सुंदरकांडाची जी फसगत झाली तिच्यात तुमचा दोष मी धरत नाही. विद्यापीठांच्या प्रकाशनांत एकच ग्रंथ दोन प्रकाशनगृहांतून निघणे नेहमीचे आहे आणि कधीकधी तर त्याचे नावही बदलते. संत नामदेवांवरील क्रिस्टियन नोव्हेत्झके यांचे पुस्तक कोलंबिया विद्यापीठाने २००८ साली एका नावाने काढले आणि भारतात ते परमनंट ब्लॅक या प्रकाशनाने वेगळ्या नावाने छापले. केवळ शीर्षकांची यादी वाचणारा ग्रंथपाल ती दोन पुस्तके समजेल. म्हणून मी अनुवादक किंवा लेखक, मूळ प्रकाशनवर्ष आणि ग्रंथमालेचे नाव या तिन्ही गोष्टी जुळवून पाहिल्याशिवाय मागणी लिहीत नाही. आणखी एक सांगते. परदेशी विद्यापीठे बहुधा आधी ग्रंथालयांसाठी महाग पुठ्ठा बांधणी काढतात आणि कागदी बांधणी किंवा भारतीय आवृत्ती मागून येते. ज्या मंडळाला घाई नाही त्याने एखादे वर्ष थांबले तरी चालते. प्रिन्स्टनच्या रामायणाच्या आधीच्या खंडांची भारतीय पुनर्मुद्रणे दिल्लीच्या मोतीलाल बनारसीदास यांनी काढली आहेत, तीही शोधून पाहावीत.

मात्र खरेदीच्या मूळ दिशेविषयी माझे थोडे वेगळे मत आहे. आपले मंडळ मराठी वाचकांचे आहे. वर्षाकाठी चारच ग्रंथ घेता येत असतील, तर त्यातील एक तरी असा असावा की ज्यात वाचकाला आपली भाषा समोर दिसेल. हार्वर्ड विद्यापीठाच्या मूर्ती अभिजात ग्रंथमालेत २०२४ साली म्हाइंभटांच्या लीळाचरित्राचा पहिला खंड आला आहे. संपादन आणि अनुवाद ॲन फेल्डहाउस यांचा आहे. या मालेची पद्धत अशी की डाव्या पानावर मूळ भाषा तिच्या लिपीत आणि उजव्या पानावर इंग्रजी. म्हणजे तेराव्या शतकातील मराठी गद्य देवनागरीत डाव्या हाताला आणि त्याचा अर्थ उजव्या हाताला. आपल्या घरांतील जी मुले इंग्रजी किंवा गुजराती माध्यमात शिकतात, ज्यांना आजीचे मराठी कळते पण जुने मराठी वाचता येत नाही, त्यांना याहून सोयीचे पुस्तक मला तरी ठाऊक नाही. माझ्या धाकट्या भावाला मी त्यातील एक लीळा आधी डाव्या पानावरून वाचून दाखवली. तिसऱ्या वाक्याला त्याने मला थांबवले आणि पुढचे स्वतः वाचले.

आणि चक्रधरस्वामी आपल्याला परके नाहीत. महानुभाव परंपरेप्रमाणे ते मूळचे भरुचचे, प्रधानाच्या घरातले. बडोद्याहून मुंबईकडे जाताना नर्मदेच्या अलीकडे गाडी थांबते तेच हे भरुच. गुजरातेत जन्मलेल्या पुरुषाच्या लीळा मराठीत लिहिल्या गेल्या आणि तो मराठीतील पहिला महत्त्वाचा गद्यग्रंथ ठरला, ही गोष्ट बडोद्यातील मराठी माणसाने मुलांना सांगावी अशी आहे. इंग्रजी रामायण घ्या, माझा विरोध नाही. परंतु लीळाचरित्र त्याच्यामागे ढकलू नका.

आपल्या विद्यापीठाच्या जुन्या यादीतही मराठी वाचकाला रस वाटेल असे पुष्कळ आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराचा मानसोल्लास गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादित केला. त्याचे तीन खंड १९२५, १९३९ आणि १९६१ साली निघाले. राजाच्या भोजनाच्या प्रकरणात मांडे, वडे, पुऱ्या यांच्या कृती श्लोकांत आहेत. आपल्या मंडळातील भगिनींसमोर ते प्रकरण एकदा वाचावे, संस्कृत न येणाऱ्यांनाही पदार्थ ओळखू येतील.

उत्तर ४ : निवृत्त संस्कृत शिक्षिका

लीळाचरित्राची सूचना मला पूर्ण मान्य आहे आणि ती मला आधी सुचायला हवी होती. एका गोष्टीत मात्र सावध करते. विद्यापीठांच्या मोठ्या योजनांचा पहिला खंड घेताना पुढचे खंड कधी येतील याचा हिशेब धरू नये. शिकागो विद्यापीठाने महाभारताचा इंग्रजी अनुवाद १९७३ साली सुरू केला. व्हान ब्यूटेनेन यांनी पहिली पाच पर्वे तीन खंडांत पुरी केली आणि त्यांच्या निधनानंतर पुढचा खंड यायला २००४ साल उजाडले. म्हणून जो खंड घ्याल तो स्वतःपुरता वाचण्याजोगा आहे ना, एवढे पाहावे. लीळा सुट्या सुट्या असल्याने तिथे ही अडचण येत नाही.

ग्रंथपाल, दांडिया बाजार

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. आपली उत्तरे छापून मी खरेदी समितीच्या बैठकीत वाचून दाखवली. ठरले ते असे: लीळाचरित्राचा पहिला खंड घ्यायचा, प्रिन्स्टनच्या रामायणाचा केवळ युद्धकांडाचा टीपांसह खंड घ्यायचा आणि उरलेल्या रकमेतून बडोद्याच्या चिकित्सक आवृत्तीचा युद्धकांडाचाच खंड मिळवायचा, मग तो जुना का असेना. म्हणजे एकाच कांडाचे मूळ आणि अनुवाद शेजारी राहतील. एकखंडी पुस्तक यंदा थांबवले आहे. मागणीच्या नोंदवहीत आजपासून मी तीन रकाने वाढवले आहेत: अनुवादक, मूळ वर्ष आणि 'सुधारित की पुनर्मुद्रण'.

बैठकीनंतर एका प्राध्यापकांच्या घरी बडोद्याचा युद्धकांडाचा खंड पाहायला मिळाला. आदित्यहृदय म्हणणारे ज्येष्ठ सभासद माझ्यासोबत आले होते. परिशिष्टाची पाने उलटता उलटता 'ततो युद्धपरिश्रान्तं' ही ओळ दिसली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. वर स्तोत्र होते आणि खाली काकांनी सांगितले तसे बारीक टायपातील पाठभेद. त्यांनी पुस्तकावर बोट ठेवून सगळे स्तोत्र हळू आवाजात म्हटले. दोन ठिकाणी ते अडखळले, कारण त्यांच्या वडिलांनी शिकवलेला शब्द वर नव्हता. दोन्ही वेळा तो खालच्या टीपेत निघाला. टीपेतील पोथ्यांच्या चिन्हांचा अर्थ त्यांनी प्रस्तावनेतून शोधून स्वतःच्या वहीत उतरवून घेतला आणि प्राध्यापकांना विचारले की या पोथ्या प्रत्यक्ष पाहायच्या असतील तर प्राच्यविद्या मंदिरात अर्ज कोणाच्या नावे करायचा. तो अर्ज मी उद्या लिहून देणार आहे. बाई, त्यात काय नमूद करावे हे आपण सांगितले तर बरे होईल.